नातवाचा ताबा आणि डॉक्टरांचा दाखला

दवाखान्यात दाखला मागायला येणाऱ्यांची वाण नसते. कुणाला रजेसाठी हवा असतो, कुणाला निराधार योजनेसाठी, कुणाला वाहनपरवान्यासाठी. काही वर्षांपूर्वी बोरी अरबच्या माझ्या दवाखान्यात एक सत्तरीचे गृहस्थ पत्नी आणि सात वर्षांच्या नातवाला घेऊन आले. त्यांची मागणी निराळी होती. त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी वारला होता. सून वर्षभर सासरी राहिली, मग अमरावतीकडे माहेरी गेली, तिथे तिला नोकरी लागली आणि आता तिने मुलाचा ताबा मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज केला होता. आजोबांनी घडी घातलेली नोटीस खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"डॉक्टरसाहेब, पोराले दमा हाय. तुमच्यापाशीच त्याचा इलाज चालू हाय. त्यानं आमच्यापाशीच राहिलं पाहिजे, एवढं लिहून द्या."

मी लिहून दिले. त्या दोघांकडे पाहून मला नाही म्हणवले नाही. मी लिहिले की मुलाचा दमा आजी-आजोबांच्या देखरेखीखाली आटोक्यात आहे आणि त्याला येथून हलविणे त्याच्या हिताचे नाही. पहिले अर्धे वाक्य मला ठाऊक होते. दुसरे अर्धे मला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

चार-पाच महिन्यांनी मला साक्षीसाठी समन्स आले. उलटतपासणीत आईच्या वकिलांनी आवाज न चढवता तीनच प्रश्न विचारले. या मुलाच्या आईला तुम्ही कधी भेटलात का? तिचे राहते घर पाहिले आहे का? ती मुलाला सुटीत नेते तेव्हा तिथे त्याच्यावर कोणते उपचार होतात, याची चौकशी केली होती का? तिन्ही प्रश्नांना माझे उत्तर 'नाही' असे होते. मग त्यांनी अमरावतीच्या एका बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. त्यावर तोच पंप होता, तीच मात्रा होती, आणि पंप स्पेसर लावून कसा द्यायचा याचे आईला प्रशिक्षण दिल्याची नोंदही होती. माझ्या दाखल्यातील जे अर्धे वाक्य खरे होते, त्यावरचाही विश्वास त्या दिवशी उडाला. नुकसान झाले ते त्या आजी-आजोबांचे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्या दिवसापासून हा विषय मी थोडा वाचत आलो आहे. मी वकील नाही. तुमच्या प्रकरणात काय करावे हे तुमचे वकीलच सांगतील. पण मूल वाढविणारे वृद्ध आणि त्यांची काळजी घेणारे नातलग दवाखान्यात ज्या गोष्टी विचारतात, त्यांतील पुष्कळ गोष्टी कायद्याइतक्याच आरोग्याच्याही असतात.

प्रथम थोडे कायद्याविषयी. मुलाचे पालकत्व आणि ताबा यांची प्रकरणे 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली चालतात. हिंदू कुटुंबांना त्याच्या जोडीला 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम लागू होतो. अर्ज कुठे करायचा, तर मूल ज्या ठिकाणी सामान्यपणे राहते त्या जिल्ह्याच्या न्यायालयात, आणि जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्या न्यायालयात. हिंदू कायद्याप्रमाणे वडिलांच्या पश्चात आई ही नैसर्गिक पालक असते, आणि पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असे कायदाच म्हणतो. आजी-आजोबांना हे ऐकणे कडू लागते, पण ते आधीच ऐकलेले बरे. आई हयात आहे, धडधाकट आहे आणि मुलाला सांभाळायला तयार आहे, अशा वेळी 'आम्ही त्याला वाढवला' एवढ्या एकाच मुद्द्यावर उभे राहणे कठीण असते. मात्र 1956 च्या कायद्याचे तेरावे कलम असेही सांगते की सर्वांत वरचा विचार मुलाच्या हिताचा. 1890 च्या कायद्याचे सतरावे कलम न्यायालयाला मुलाचे वय, लिंग व धर्म, पालक होऊ इच्छिणाऱ्याचे चारित्र्य व क्षमता, नात्याची जवळीक, दिवंगत आई-वडिलांची काही इच्छा असल्यास ती, हे सर्व पाहायला सांगते. आणि मूल समजते असेल तर त्याची पसंतीही लक्षात घेता येते.

आई-वडील दोघेही नसतील तर चित्र बदलते. अहमदाबादच्या एका मुलाचे आई-वडील 2021 च्या मे आणि जून महिन्यांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एकापाठोपाठ गेले. वडिलांचे आई-वडील अहमदाबादला, आईची बहीण दाहोदला. गुजरात उच्च न्यायालयाने मुलाचा ताबा मावशीकडे दिला. ती अविवाहित होती, सरकारी नोकरीत होती, एकत्र कुटुंबात राहत होती. उलट आजी-आजोबा ज्येष्ठ नागरिक, पेन्शनवर अवलंबून. आजोबा 71 वर्षांचे आणि आजी 63 वर्षांची. 9 जून 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती एम. आर. शाह आणि अनिरुद्ध बोस यांच्या खंडपीठाने तो आदेश फिरवला आणि मुलाला आजी-आजोबांकडे दिले. उत्पन्न, वय किंवा मोठे कुटुंब ही एकटी कसोटी असू शकत नाही, असे त्यात म्हटले आहे. मावशीला भेटीचा मार्ग मोकळा ठेवला. या निकालाचे कात्रण घेऊन माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. त्यांना मी एवढेच दाखवले की त्या प्रकरणात समोर आई नव्हती, मावशी होती.

महाराष्ट्रातील एक प्रकरण मला डॉक्टर म्हणून विशेष जवळचे वाटते. एका गर्भवतीला पाचव्या महिन्यात स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. ऑगस्ट 2017 मध्ये मुलगी झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस मुलीच्या वडिलांना क्षयरोगाचा मेंदूज्वर आणि फुप्फुसाचा क्षय झाल्याने रुग्णालयात ठेवावे लागले. आई आणि तान्हे बाळ आईच्या माहेरच्या माणसांकडे राहिले. ऑक्टोबर 2018 मध्ये आई गेली. वडील बरे होऊन मुलीला न्यायला आले, तेव्हा मुलीला जिवापाड सांभाळलेल्या मावशी-मामांनी तिला द्यायचे नाकारले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात गेले. 6 मे 2019 रोजी न्यायमूर्ती आर. बानुमती आणि आर. सुभाष रेड्डी यांनी मुलगी वडिलांकडे देण्याचा आदेश कायम ठेवला, आणि तिला नव्या घराची सवय व्हावी म्हणून माहेरच्या नातलगांच्या भेटीगाठींची व्यवस्थाही त्यात घातली. आजारपणात मूल नातलगांकडे ठेवले म्हणून बापाचा हक्क गेला असे होत नाही, आणि बरा झालेला क्षयरोग हा कुणाला अपात्र ठरविण्याचे कारण नव्हे. आपल्या भागात क्षयरोगाचे नाव काढले की मूल दूर ठेवणारी घरे अजून आहेत, म्हणून हे थोडे सविस्तर लिहिले.

आणि याच्या उलटही घडते. बंगालमधील एका प्रकरणात आईचा मृत्यू संशयास्पद परिस्थितीत झाला होता आणि वडिलांवर फौजदारी खटला चालू होता. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने मुलाला वडिलांऐवजी आईच्या आई-वडिलांकडेच राहू दिले. खालच्या न्यायालयांनी त्या लहान मुलाला काय वाटते हे विचारलेच नव्हते, याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले.

आता तयारीविषयी. वकिलांकडे जाण्यापूर्वी घरातील कागद गोळा करा, ते बहुधा एका पिशवीत किंवा पेटीच्या तळाशी असतात. मुलाच्या जन्माची नोंद, माता व बाल संरक्षण कार्ड, लसीकरणाच्या नोंदी, अंगणवाडीत वजन घेतल्याची नोंद, शाळेतील हजेरी व प्रगतिपुस्तक, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, औषधांच्या पावत्या, शाळेची फी कोणी भरली त्याच्या पावत्या. 'मी त्याला तळहाताच्या फोडासारखा जपला' हे वाक्य प्रत्येकच पक्षाचा माणूस म्हणतो. पाचव्या-सहाव्या वर्षीची बूस्टर लस वेळेवर दिल्याची नोंद मात्र ज्याच्याकडे असेल त्याच्याकडेच असते. मूल रुग्णालयात भरती झाले असेल तर कागदपत्रांसाठी लेखी अर्ज करा. वैद्यकीय आचारसंहितेनुसार भरती रुग्णांचे कागद तीन वर्षे जपून ठेवणे आणि मागणी केल्यास 72 तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कागद जुना असेल तर घाई करा.

एक साधी वही घाला. त्यात तारीख आणि घडलेली गोष्ट, एवढेच. 'ताप 101, दवाखान्यात नेले.' 'आईचा फोन आला, दहा मिनिटे बोलला.' 'आई आली, शाळेत भेटली.' आईच्या चांगल्या गोष्टीही लिहा. ज्या वहीत समोरच्याची एकही चांगली नोंद नाही, ती वही खटल्यासाठी लिहिली आहे हे न्यायाधीशांच्या लगेच लक्षात येते. आणि गेल्या दोन वर्षांच्या नोंदी एका रात्रीत, एकाच शाईने लिहू नका. असे लोक करतात, म्हणून सांगावे लागते. मोबाइलवरील संदेश पुरावा म्हणून द्यायचे असतील तर ते पुसू नका. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र लागते, ते वकील करून घेतील.

वकिलाची ऐपत नसेल तर थांबू नका. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. म्हणजे आजीच्या नावाने अर्ज करता येतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावे. 15100 हा दूरध्वनी क्रमांकही आहे.

आता तुमच्या स्वतःच्या तब्येतीचा प्रश्न. समोरचे वकील तो काढणारच. 'आजोबा, तुम्हाला साखर आहे ना? मोतीबिंदू आहे ना? तुम्ही गेल्यावर या मुलाचे कोण?' या प्रश्नाने चिडणारे वृद्ध मी पाहिले आहेत. प्रश्न अपमानाचा नाही, रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आधी घरात ठरलेले असले पाहिजे. काका, आत्या, मामा, जो कुणी पुढे येणार असेल त्याने स्वतः शपथपत्रावर सांगावे. तुमच्या डॉक्टरांकडून 'पूर्णतः निरोगी' असा दाखला मागू नका. सत्तरीत पूर्णतः निरोगी कोणी नसतो आणि न्यायाधीशांनाही ते ठाऊक असते. त्यापेक्षा 'मधुमेह दहा वर्षांपासून, उपचार नियमित, गेल्या तीन तपासण्यांतील साखर अशी अशी, डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, स्वतःची कामे स्वतः करतात' हे खरे वर्णन कितीतरी बळकट असते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोन वर्षे पुढे ढकलत आला असाल तर ती आता करून घ्या. ती खटल्यासाठी जितकी, तितकीच नातवासोबत रस्ता ओलांडण्यासाठीही हवी.

साक्षीचे स्वरूप आधी समजून घ्यावे. तुमची मूळ साक्ष बहुधा शपथपत्रावर लेखी दिली जाते आणि उभे राहून उत्तरे द्यायची ती उलटतपासणीत. शपथपत्र सही करण्यापूर्वी कुणाकडून तरी सावकाश, मोठ्याने वाचून घ्या. जे तुम्हाला आठवत नाही ते त्यात असेल तर काढायला सांगा. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावून जा आणि प्रश्न कळला नाही तर 'ऐकू आले नाही, पुन्हा विचारा' असे म्हणायला लाजू नका. अर्धवट ऐकून मान डोलावलेली मी स्वतः पाहिली आहे, आणि ती मान 'हो' म्हणून नोंदली गेली. आठवत नसेल तर 'आठवत नाही' हेही पूर्ण उत्तर आहे.

पेशीच्या दिवशी पुकारा केव्हा होईल याचा नेम नसतो. सकाळच्या पहिल्या एसटीने निघालेला माणूस दुपारी तीनपर्यंत बाकावर बसून राहतो. (पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत मोफत आणि पासष्ट ते पंचाहत्तर या वयात अर्धे तिकीट आहे, ओळखपत्र विसरू नका.) इन्सुलिन घेणाऱ्यांनी इन्सुलिन घेऊन उपाशी बसू नये. भाकरी-भाजीचा डबा, पाणी आणि खिशात साखरेची पुडी असावी. हातपाय थरथरणे, घाम, एकाएकी गोंधळल्यासारखे होणे हे घाबरण्याचेही लक्षण असते आणि साखर उतरल्याचेही. शंका आली की आधी साखर तोंडात टाका. लघवी वाढविणारी गोळी त्या दिवशी कोणत्या वेळी घ्यावी ते डॉक्टरांना आधी विचारा, पण स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. रक्तदाबाची गोळी तर मुळीच चुकवू नये. सोबत एक खंबीर माणूस असावा. तो शक्यतो साक्षीदार नसावा, म्हणजे तुम्ही आत असताना मुलाकडे पाहायला कोणी राहील.

अंथरुणाला खिळलेल्या आजीची साक्ष कशी व्हायची, असे एका सुनेने मला विचारले होते. दिवाणी प्रक्रिया संहितेत त्याची सोय आहे. आजारपणामुळे वा अशक्तपणामुळे न्यायालयात येऊ न शकणाऱ्या व्यक्तीची साक्ष आयुक्त नेमून घरी नोंदवता येते आणि त्यासाठी नोंदणीकृत डॉक्टरांचे प्रमाणपत्र, डॉक्टरांना साक्षीला न बोलावताही, न्यायालय ग्राह्य धरू शकते. वकिलांना वेळेत सांगा, पेशीच्या सकाळी नव्हे.

मुलाविषयी जे सांगायचे आहे ते मी मुद्दाम शेवटी ठेवले. खटला चालू असलेल्या घरातील मुले पोटदुखीची तक्रार घेऊन येतात. तपासणीत काही सापडत नाही. कुणी पुन्हा अंथरूण ओले करू लागते, कुणी नखे खाते, कुणाचा दमा भेटीच्या आदल्या रात्री उसळतो. आजी म्हणते, 'पाहा, आईकडे जायचे म्हटले की याला होते.' आई म्हणते, 'पाहा, माझ्याकडून परत जायचे म्हटले की याला होते.' दोघीही खरे सांगत असतात. मुलाला दोन माणसांमधून एक निवडावे लागेल अशी भीती बसली की पोट दुखते, आणि ते दुखणे खरे असते. त्यावरून समोरच्या घरी छळ होतो असा निष्कर्ष काढता येत नाही. छळाची वा लैंगिक अत्याचाराची खरी शंका असेल तर मात्र ती खटल्यातला मुद्दा म्हणून साठवून ठेवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, 1098 वर कळवा. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत पोलिसांना कळवणे डॉक्टरांनाच नव्हे तर माहिती असलेल्या प्रत्येकाला कायद्याने बंधनकारक आहे.

न्यायाधीश मुलाशी बहुधा आपल्या दालनात, एकट्याशीच बोलतात. 'तिथं काय सांगशील?' असे त्याला घरी विचारू नका. पढवलेले मूल मोठ्यांचे शब्द वापरते. सात वर्षांच्या मुलाच्या तोंडी 'मानसिक त्रास' आला की ऐकणाऱ्याला सारे कळते. त्याहून वाईट म्हणजे त्या मुलाला पुढे वर्षानुवर्षे वाटत राहते की आपल्या एका वाक्याने आईला हरवले. आणि अंतरिम आदेशाने भेट ठरली असेल तर मुलाला वेळेवर, न्हाऊ-माखू घालून, औषधासह पाठवा. 'ताप आहे' म्हणून भेट टाळायची असेल तर ताप खरा असावा. अशा खोट्या तापाचा दाखला मी आता देत नाही, आणि त्यामुळे माझ्यावर रुसलेली दोन-तीन घरे गावात आहेत.

त्या दम्याच्या मुलाचे पुढे काय झाले, तेही सांगतो. माझ्या साक्षीनंतर न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवले. दोन-तीन बैठकांत ठरले की शाळा आईकडे, उन्हाळ्याची निम्मी सुटी, दिवाळीचे काही दिवस आणि महिन्यातील एक शनिवार-रविवार आजी-आजोबांकडे. आजोबा पुष्कळ दिवस माझ्याकडे आले नाहीत. मग एका दिवाळीत आले, नातू बरोबर होता, फटाक्यांच्या धुराने त्याला धाप लागली होती. त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. मुलाच्या आईने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते की कोणता पंप रोज, कोणता धाप लागली तरच, किती वेळा, आणि कधी थेट रुग्णालयात न्यायचे. मी मुलाला तपासले, धाप उतरेपर्यंत बसवून ठेवले. जाताना आजोबांनी दुसरा स्पेसर कुठे मिळेल असे विचारले. एक तिकडे आहे, म्हणाले, दरवेळी पिशवीत घालून आणताना फुटतो; इकडे आपला वेगळा असलेला बरा.